रंकाळ्यातली वेस

शिवाजी पेठेत माणसाला एकदा नाव चिकटलं की ते सुटत नाही. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, चिकटलेलं नाव ‘वेसवाले’. शाळेत मास्तरसुद्धा हजेरी घेताना ‘तू वेसवाल्यांची का गं?’ असं विचारायचे आणि वर्ग खिदळायचा. मला राग यायचा. राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको.

त्या नावामागची गोष्ट अशी. जुन्या कोल्हापूरभोवती तट होता, तटाला वेशी होत्या. शहर वाढलं तशा त्या पाडल्या, आणि पाडलेला दगड गाड्या भरभरून रंकाळ्यात ओतला, असं आमच्याकडं सांगतात. त्याला पुरावा काय, ते मला माहीत नाही. रंकाळ्याच्या पोटात सोन्याचं देऊळ आहे असंही सांगतात, त्यामुळं वेशीची गोष्ट मी त्याच रांगेत बसवली होती. आबांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. बाकीचे ऐकलेलं सांगायचे. आबा म्हणायचे, मी हात लावलेलं सांगतो.

तेव्हा आबांचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तालमीत जोर-बैठका मारणारा गडी, दम भरपूर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पेठेतले सगळे रंकाळ्याच्या दगडी बांधावरून उड्या मारायचे. त्यात एका सकाळी आबांनी बांधाच्या कोपऱ्याशी, जिथं पाणी जास्त खोल, तिथं बुडी मारली आणि तळ गाठला. खाली घडीव दगडांचा ढीग होता. नुसते धोंडे नव्हेत, टाकीनं घडवलेले दगड. आणि त्यातल्या एकातून हत्तीची सोंड वर आली होती. आबांनी ती मुठीत धरली. वेशीवर हत्ती कोरलेले असतात हे कुणालाही माहीत असतं, त्यामुळं वर येऊन श्वास घेतल्याघेतल्या त्यांनी जाहीर केलं, की वेस सापडली. लगेच दोघाचौघांनी बुड्या मारल्या, पण तळ कुणालाच गाठता आला नाही. पुढं पाऊस लागला, नंतर त्या कोपऱ्यात जलपर्णीचं केंदाळ माजलं, आणि सोंड धरलेला माणूस म्हणून एकटे आबाच उरले.

एकटा साक्षीदार म्हणजे पेठेच्या हिशेबी थापाड्या. तालमीच्या कट्ट्यावर आबांचे एक जुने मित्र बसतात, एके काळी तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. मी त्यांना काका म्हणते. ह्या काकांनी आबांना एक संध्याकाळ सुखानं बसू दिलं नाही. ‘काय वेसवालं, हत्ती सोडला का आज चरायला?’ ‘वेसवालं, जरा सरकून बसा, सोंड लागतीया.’ आबा हसण्यावारी न्यायचे. पण घरी आल्यावर चपला जरा जोरात काढायचे, ते मला आणि आईला आत ऐकू यायचं.

पोहायला मला आबांनीच शिकवलं, पाठीला रिकामा डबा बांधून. आता मी एका पोहण्याच्या टँकवर शिकवते. सिलिंडर लावून खोल पाण्यात उतरायचं मालवणला जाऊन शिकले. तिथं रंगीत मासे बघितले आणि इथं येऊन महापुरात पंचगंगेच्या गढूळ पाण्यात उतरले. पाण्यातून माणसं काढायला आमच्या बचाव पथकाला बोलावतात. काही वेळा ती जिवंत असतात. त्या कामामुळं सांगोवांगीवर माझा विश्वास उरलेला नाही. एखादा बुडाला की काठावरचा प्रत्येक जण शपथेवर वेगळ्याच जागेकडं बोट दाखवतो.

गेल्या हिवाळ्यात आबांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात राहावं लागलं. परत आले ते निम्मे होऊन. एका दुपारी मी त्यांना गोळ्या देत होते, तर गोळी हातात तशीच धरून म्हणाले, ‘‘सगळ्या गावासाठी पाण्यात उतरतीस. एकदा माझ्यासाठी उतर की.’’

काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. मी विचारलं, ‘‘आणि न्हाय सापडली वेस तर?’’

‘‘न्हाय तर न्हाय म्हण. पर मी हाय तवर म्हण. माझ्यामागं समदी म्हणत्यालच, म्हातारा थापा मारत हुता. खरं काय ते मला ऐकून जायचंय.’’

आई शेजारी लसूण सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘कशाला त्या घाणीत उतरतीस? काय न्हाय तिथं.’’ मला वाटलं, काळजीपोटी म्हणते आहे. आबांना वाटलं, तीही कट्ट्यावरच्यांना सामील झाली. ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

परवानगी काढताना मला जेवढं गोड बोलावं लागलं, तेवढं मी वर्षभरात बोलत नाही. मे महिन्यातला एक रविवार ठरला. पाणी उतरलं होतं, केंदाळही त्याच सुमारास काढून झालं होतं. पथकातला माझा जोडीदार दोरी धरून बांधावर उभा राहिला. मी गपचूप जाऊन येणार होते, पण पेठेत गपचूप काही होत नाही. कट्टा सगळा आला होता. काका तर थर्मासमधून चहा घेऊन आले होते, जसा काही अंतिम सामना बघायचाय. आबांसाठी कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणि छत्री आणली होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसले होते.

मी पायात पोहण्याचे फिन चढवत होते तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘‘जे असंल ते सांग. आणि मोठ्यानं सांग. ह्यास्नी बी ऐकू येऊ दे.’’

‘‘सांगतो की,’’ मी म्हणाले, आणि उतरले.

रंकाळ्यात बघणं म्हणजे हातानं बघणं. वरच्या थरात थोडा हिरवा उजेड असतो, तो लगेच संपतो. मग स्वतःचा हातही दिसत नाही, नुसता आपल्या श्वासाचा आवाज. बांधाला हात लावत मी खाली सरकत गेले. तळाशी आधी मऊ गाळ लागला, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, गणपतीच्या मूर्तीचा एखादा तुकडा. हे सगळं ओळखीचं होतं. कोपऱ्याकडं सरकले तशी गाळाखाली हाताला टणक वस्तू लागायला लागली. मी गाळ बाजूला सारला. दगड. त्याच्या शेजारी आणखी एक, त्याच्यावर आणखी एक. ढीग होता, आबा म्हणाले होते तसाच, आणि बरोबर त्याच जागी.

हातमोजा काढून मी दगडावरून बोटं फिरवली. टाकीच्या रेघा लागल्या, एकसारख्या, कडेकडून मध्याकडं जाणाऱ्या. कमळ कोरलंय, असंच मला वाटलं. एवढी वर्षं मी ह्या गोष्टीला फुटकी कवडी किंमत दिली नव्हती आणि आता माझीच इच्छा होती की ते कमळ असावं. वर खुर्चीत बसलेल्या माणसाला मी हे कसं सांगणार, ह्याची वाक्यंसुद्धा डोक्यात जुळायला लागली होती.

मग बोटं रेघांवरून मध्याशी पोचली आणि भोकात गेली. आरपार भोक. कडेला हात नेला तर दगड गोल निघाला, आणि कडेशी आणखी एक लहान भोक. मी शेजारचा चाचपला. तोही गोल. त्याच्या शेजारचाही. बहुतेक दोन दोन जवळ जवळ पडलेले. माझ्या लग्नात आजोळच्या जात्यावर हळद दळली होती, त्या जात्याला मी हात लावलेला आहे. शहराच्या वेशीला जात्याची तोंडं नसतात, एवढं मला कळतं.

ढिगावर हात ठेवून मी थोडा वेळ तशीच थांबले. वर जाऊन ‘हत्ती आहे’ म्हटलं असतं तर खाली येऊन बघणारं कोण होतं? कुणी नव्हतं. पण आबांनी ‘खरं काय ते ऐकायचंय’ म्हटलं होतं, ‘बरं वाटेल ते’ म्हटलं नव्हतं. मी दोरी ओढली आणि वर आले.

सगळे बांधावर वाकून उभे होते. मी मास्क काढला आणि ठरल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाले, ‘‘जाती हायत, आबा. दळायची.’’

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग काका हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, कुणीतरी पाठ चोळली. ‘‘वेस न्हवं गड्यांनो,’’ ते म्हणाले, ‘‘गिरण हाय, गिरण. चला, पीठ न्यायाला डबं आणा.’’ सगळा कट्टा हसला. माझा जोडीदारही हसला, त्याच्याशी मी पुढं आठवडाभर बोलले नाही.

आबांनी एकच विचारलं. ‘‘हत्ती?’’

‘‘हत्ती न्हाय.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले आणि खुर्चीच्या हाताला धरून उठले. रिक्षात ते बाहेर बघत बसले होते. मला वाटत होतं, खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, आणि असं वाटतंय ह्याचाच मला संताप येत होता.

घरी आईनं पाणी आणून दिलं. आबांनी तांब्या घेतला नाही. ‘‘जाती निघाली,’’ ते म्हणाले.

‘‘व्हय,’’ आई म्हणाली.

‘‘व्हय म्हंजे?’’

‘‘निघणारच की. आमीच टाकल्यात.’’

आई खाली बसली आणि तिनं सांगितलं. ती ह्या घरात आली त्याच सुमारास गल्लीत पिठाची गिरणी सुरू झाली. घराघरातली जाती कोपऱ्यात जाऊन बसली. ती बसली तर बसली, पण तालमीतल्या गड्यांची त्यांच्यावर नजर गेली. जात्याचा वरचा दगड मधोमध भोकाचा, वजनाला चांगला. तो उचलून न्यायचा, दोरी ओवून गळ्यात अडकवायचा आणि बैठका मारायच्या. असा एक दगड तालमीत गेला, आणि मग बाकीचे गडीही घरोघरचे दगड मागायला लागले. विचारलं तर म्हणायचे, आता कुठं दळताय?

‘‘तुमी बी त्यातलंच,’’ आई आबांना म्हणाली. ‘‘त्या गोलकीपरच्या आईच्या जात्याचा वरचा दगड कुणी न्हेलता? तुमीच. ती म्हातारी सासूबाईंम्होरं येऊन रडली. म्हणाली, पोरांच्या लग्नाची हळद दळल्याला दगड, आणि ह्यांनी घामट मानंत घातलाय.’’

त्यावर माझ्या आजीनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या. जातं विकायचं नाही, फोडायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं तर मुळीच नाही. मग ते पाण्यातच सोडायला हवं, देवघरातला जुना देव सोडतात तसं. पहाटे सगळे गडी तालमीत असायचे. एका भाजीवालीचा हातगाडा घेतला आणि बायकांनी खेपा घातल्या. प्रत्येक जात्याला हळदकुंकू लावलं, तोंडात मूठभर जोंधळे घातले आणि बांधावरून कोपऱ्यातल्या खोल पाण्यात सोडलं. आणि गड्यांना सांगायचं नाही अशी आजीनं सगळ्यांकडून शपथ घेतली.

‘‘का?’’ मी विचारलं.

‘‘का म्हंजे? ह्यांनी बुड्या मारून परत काढून आणली असती की.’’

आबांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ‘‘त्याच उन्हाळ्यात मी घरी येऊन सांगितलं, वेस सापडली म्हणून. तू हितंच हुतीस. माझी आई बी हुती.’’

‘‘हुतो की.’’

‘‘सारा जलम लोकं हसली मला. एकदा बी तुला वाटलं न्हाय, सांगावं?’’

‘‘लई येळा वाटलं,’’ आई म्हणाली. ‘‘पर शब्द दिलता. आणि सासूबाई गेल्यावर सांगायला लाज वाटाय लागली. तुमी इतकं मन लावून सांगायचा त्या हत्तीचं.’’

मला आईचाही राग आला होता. तिच्यासमोर आम्ही आबांना हसलो होतो, मीसुद्धा हसले होते, आणि ही लसूण सोलत बसली होती. पण हे भांडण माझं नव्हतं. आबा दुपारी जेवले नाहीत. आईही जेवली नाही. मी एकटी जेवले, मला पाण्यातून आल्यावर भूक आवरत नाही.

चारच्या चहाला आबा उठून बसले. कप हातात घेतला आणि आईला विचारलं, ‘‘मग सोंड कसली ती? धरली हुती मी. ते काय खोटं न्हाय.’’

‘‘खुंटा असंल,’’ आई म्हणाली.

जात्याच्या वरच्या दगडात कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो, तो धरून जातं फिरवायचं. मला हाताला लागलेलं ते कडेचं लहान भोक त्याचंच. लाकूड आता कुजून गेलं, पण आबा उतरले तेव्हा ते नवंच पाण्यात पडलेलं होतं.

‘‘समद्यांचं खुंटं आमी काढून घेतलं, चुलीला व्हतील म्हणून,’’ आई म्हणाली. ‘‘आपल्या जात्याचा तेवढा सासूबाईंनी काढू दिला न्हाय. म्हणाल्या, ऱ्हाऊ दे गं. धरायला लागतोय.’’

आबांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, ‘‘धरला की मी.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कट्ट्यावर जायला निघाले. मी म्हणाले, काही दिवस नका जाऊ. त्यांनी ऐकलं नाही, म्हणून मी हात धरायला बरोबर गेले. कट्टा वाटच बघत होता. ‘‘या, गिरणीवालं, या,’’ काका म्हणाले. ‘‘जोंधळं किती रुपयं किलो दळणार?’’

आबा बसले. त्यांनी दम घेतला आणि मग सगळं सांगितलं. गिरणी, तालीम, हातगाडा, जोंधळे, शपथ. सोंड म्हणजे आपल्या आईच्या जात्याचा खुंटा होता, हेही सांगितलं. वेस सांगताना ते हातवारे करायचे, आवाज चढवायचे. आज त्यातलं काही नव्हतं. अधूनमधून कुणीतरी ‘आँ?’ म्हणायचं, एवढंच. ह्या म्हाताऱ्या गड्यांपैकी प्रत्येकाच्या घरात एके काळी जातं होतं आणि ते एक दिवस दिसेनासं झालं होतं, आणि ते कुठं गेलं हे एकानंही कधी विचारलं नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यांवरून मला वाचता येत होतं.

शेवटी आबा काकांकडं वळले. ‘‘तुझ्या आईच्या जात्याचा वरचा दगड मी न्हेलता. तिनं खालचा एकटाच न्हेऊन सोडला, असं हिची आई सांगत हुती.’’

मला वाटलं, आता भांडण होतंय. पण काका उठले आणि तालमीच्या मागच्या अंगाला गेले. तिथं जुनी वजनं, मोडकी लोखंडी जाळी, असलं काय काय पडलेलं असतं. आम्ही आवाज ऐकत बसलो. मग दगड घासत ओढल्याचा आवाज आला आणि कोपऱ्यावरून काका वाकून तो ढकलत आणताना दिसले. गोल, मधोमध भोक, कडेला खुंट्याचं भोक, दोरी घासून भोकाच्या कडेला गुळगुळीत झालेला. दोघं उठून मदतीला गेले तर त्यांनी हात झटकून टाकला. दगड त्यांनी माझ्या पायांशी आणून ठेवला.

‘‘पोरी,’’ ते धापा टाकत म्हणाले, ‘‘ह्यो खाली न्हेऊन ठिवशील?’’

मी म्हणाले, ‘‘ठिवतो, काका. पर खाली काय दिसत न्हाय. तुमच्या आईचा दगड कुठला, ते मला कसं कळणार?’’

‘‘कळंल की,’’ काका म्हणाले. ‘‘बाकी समद्या जोड्या असत्याल. एकटा असंल, त्यो आमचा.’’